पहिल्या स्टेजचा टॅन : ऊन, मशीन की बाटली?

नागपुरात सीताबर्डीवरच्या कुठल्याही पार्लरमध्ये शिरून "टॅन करायचाय" म्हणून बघा. समोरची ताई डी-टॅनचं रेटकार्ड पुढे करील. मी एकदा जिममधल्या एका पोराला घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "काढायचा नाही ताई, लावायचा आहे." ताईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाहेर ऊन आहे न भाऊ. फुकटात होते."

हे 'फुकटात होते' दर सीझनला माझ्या कानावर येतं. थंडीत विदर्भात कुठे ना कुठे शरीरसौष्ठवाचा शो लागतो आणि दर शोआधी जिममध्ये तोच वाद रंगतो. गच्चीवर ऊन खायचं, परदेशात असतं तसलं यूव्ही (अतिनील) दिव्यांचं मशीन शोधायचं, की बाटलीतला रंग लावायचा? मी स्वतः तीनदा स्टेजवर उभा राहिलो, पहिल्या पाचांत एकदाही आलो नाही. पण त्यानंतर बॅकस्टेजला पोरांच्या इतक्या पाठी रंगवल्या की टॅन कुठे आणि कसा फसतो हे चांगलंच कळलंय. पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

आधी हे कळू द्या : टॅन कशासाठी

"मी तर आधीच काळा, मले काय गरज?" हा पहिला प्रश्न. गरज आहे. स्टेजचे दिवे प्रखर असतात, समोरून आणि वरून अंगावर येतात. साध्या त्वचेवर त्या उजेडाचा भपका मारतो आणि चार महिने उकडलेली अंडी खाऊन काढलेले कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेघा, सपाट दिसतात. गडद रंगावर स्नायूंमधल्या खाचा उठून येतात.

दुसरं कारण त्याहून मोठं. नागपूरकराचं अंग एका रंगाचं कधीच नसतं. शर्ट काढून आरशासमोर उभे राहा. कोपराखाली एक रंग, बाहीच्या आत दुसरा, खांद्यांवर बनियानच्या पट्ट्यांचे दोन फिके पट्टे, मनगटावर घड्याळाची गोल खूण, पायांवर चपलेची नक्षी. मुलींच्या कपाळावर स्कार्फची रेघ असते. पंचांना तुमची छाती दिसायच्या आधी हे बनियान दिसतं.

म्हणजे उन्हाचा टॅन तुमच्या अंगावर आधीपासूनच आहे आणि स्टेजसाठी आपल्याला तोच झाकायचा आहे. माझ्या दृष्टीनं वादाचा अर्धा निकाल इथेच लागतो.

उन्हाची बाजू

उन्हातले यूव्ही-ए किरण त्वचेत खोलवर जातात आणि आधीपासून असलेलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, लगेच गडद करतात. तो रंग बराचसा लवकर उतरतो. यूव्ही-बी वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. त्या इजेवर उपाय म्हणून त्वचा नवं मेलॅनिन तयार करायला लागते आणि तो रंग दोन-तीन दिवसांनी दिसतो. टिकणारा उन्हाचा टॅन हवा तर आधी ही इजा होऊ द्यावी लागते.

उन्हाच्या पक्षातल्या पोरांचे मुद्दे ठरलेले असतात. एक, "नैसर्गिक आहे." लू लागणंही नैसर्गिकच आहे. दोन, "व्हिटॅमिन डी मिळतं." मिळतं, पण त्यासाठी अंग भाजून घ्यावं लागत नाही. कमतरता असेल तर डॉक्टर तपासणी करून गोळी देतात. तीन, "आधी थोडा टॅन करून ठेवला की पुढे ऊन लागत नाही." अशा टॅनचं संरक्षण एसपीएफ तीन-चारच्या घरातलं असतं. तेवढ्या एसपीएफची सनस्क्रीनची ट्यूब दुकानात तुम्ही हातात तरी घ्याल का?

चौथा मुद्दा जरा वजनदार आहे : "आपली कातडी गोऱ्यांसारखी नाही, आपल्याला कॅन्सर होत नाही." सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे उन्हानं होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण आपल्याकडे बरंच कमी आहे, हे खरं. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. आणि आपल्या त्वचेचं दुखणं वेगळंच असतं. ती भाजली, खरचटली, साधा मुरूम फुटला, तरी मागे काळा डाग ठेवते आणि तो डाग महिनोन् महिने जात नाही. गालांवर वांग येतो. पाठीवर मुरमांचे डाग असलेल्या पोरानं पंधरा दिवस ऊन खाल्लं तर बाकीच्या पाठीआधी ते डागच काळे होतात. मग एकसारखा रंग यायचा कुठून?

आता नागपूरच्या उन्हाबद्दल. पोरं पारा बघतात. "थंडीचं ऊन आहे, कोवळं आहे, काही होत नाही." पारा आणि यूव्ही ही दोन वेगळी मापं आहेत. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. बिघडलेला असो की चांगला, थर्मामीटर तुम्हाला यूव्ही सांगत नाही. सावली सांगते. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्ही जोरात आहे असं समजायचं. नागपूर २१ अंश उत्तरेला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागतो त्याच सुमारास, २६ मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. आणि २१ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशीसुद्धा, दुपारी सव्वाबाराला सावली साधारण तुमच्या उंचीएवढीच असते, त्याहून फार लांब नाही. म्हणजे ज्या फेब्रुवारीला आपण 'कोवळं' म्हणतो त्या महिन्यात भरदुपारी तुम्ही चांगलेच भाजू शकता. फक्त गार वारा असल्यामुळे ते कळत नाही.

मला नाही कळलं. माझ्या पहिल्या शोआधी मी मानेवाड्याच्या आमच्या गच्चीवर दहा दिवस रोज दुपारी दीड तास पडून राहिलो, अंगाला सरसोचं तेल चोपडून. आई खालून ओरडायची, "काऊन जाळून घेऊन राह्यला रे अंग?" आठव्या दिवशी खांदे चुरचुरायला लागले, दहाव्या दिवशी पाठीचे पापुद्रे सुटले. त्यावर आदल्या रात्री मित्रानं बाटलीतला टॅन लावला. पापुद्र्यांच्या कडांनी रंग जास्त प्यायला, सोललेल्या जागी धरलाच नाही. फोटोत माझी पाठ नकाशासारखी दिसते. समुद्र फिका, किनारा काळा.

एक इशारा गंमत बाजूला ठेवून. शोच्या आठवड्यात बरेच जण पाणी तोडतात, काही तर लघवीच्या गोळ्या घेतात. तसं करूच नका असं माझं मत आहे, पण करणारे करतात. अशा कोरड्या अंगानं नागपूरच्या उन्हात पडलं तर चक्कर, पेटके, उष्माघात, काहीही होऊ शकतं. लघवीच्या गोळ्यांपैकी काही, तसंच मुरमांसाठी सर्रास मिळणारं डॉक्सीसायक्लिन, यांनी त्वचा उन्हाला भलतीच नाजूक होते. गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मशीनचं थोडक्यात

टॅनिंग बेड म्हणजे यूव्ही दिव्यांची पेटी, बहुतेकदा यूव्ही-ए जास्त असलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये या मशीनना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. कमी वयात मशीन वापरायला सुरुवात करणाऱ्यांत मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या घातक कॅन्सरचा, धोका ७५ टक्क्यांनी जास्त, हे त्यामागचं एक कारण होतं. अभ्यास गोऱ्या लोकांवरचे होते हे खरं, पण ब्राझीलनं त्याच वर्षी ही मशीन बंद केली, पुढे ऑस्ट्रेलियानंही धंद्यापुरती बंद केली.

नागपुरात मी असं मशीन पाहिलेलं नाही. धंतोली-रामदासपेठेत त्वचारोगतज्ज्ञांकडे यूव्हीची कपाटं असतात, ती कोड आणि सोरायसिससाठी. त्यातले दिवे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे, डोस सेकंदांत मोजलेला. "डॉक्टर, दोन मिनिटं मलापण उभं करा न" असं विचारणारे महाभाग मला भेटलेत. जाऊ नका.

बाटलीत काय असतं

बाटलीतला मुख्य पदार्थ डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे डीएचए. ही तीन कार्बनची एक साधी साखर. ती त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी जुळते आणि तपकिरी रंग तयार होतो. तव्यावर पोळीला डाग पडतात, भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो, त्याच जातीची ही क्रिया. इथे तवा लागत नाही इतकंच. रसायनशास्त्रात तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. मेलॅनिनचा यात संबंध नाही आणि जिवंत पेशींना रंगवायचा प्रश्न नाही.

शोध अपघातानं लागला. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला ईवा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक ग्लायकोजेन साठण्याचा आजार असलेल्या मुलांना डीएचए तोंडावाटे देत होत्या. मुलांच्या अंगावर औषध सांडलं की तिथली कातडी काही तासांत तपकिरी व्हायची, कपड्यांना मात्र डाग नाही. त्यांनी स्वतःच्या अंगावर लावून पाहिलं. १९६० पर्यंत त्याचं लोशन बाजारात आलं आणि लोकांचे तळहात नारिंगी झाले. ते अजूनही होतात, म्हणून पुढच्या पायऱ्या नीट वाचा.

रंग दोन-चार तासांत दिसायला लागतो, आठ ते चोवीस तासांत पुरता चढतो आणि वरच्या पेशी झडतील तसा पाच-सात दिवसांत उतरतो. स्पर्धेच्या बाटलीत डीएचएसोबत बहुधा लगेच दिसणारा गडद रंगही मिसळलेला असतो, लावताना कुठे राहिलं ते दिसावं म्हणून. हा वरचा रंग धुतला की जातो, खालचा राहतो. स्प्रे, रोलर, स्पंज ही फक्त लावायची साधनं.

बाटलीचेही दोष आहेत. अमेरिकेच्या एफडीएनं डीएचएला अंगावर बाहेरून लावण्यापुरतीच परवानगी दिली आहे. डोळे, ओठ, नाका-तोंडाच्या आतली ओली त्वचा यांना ते लागू नये आणि श्वासात जाऊ नये. स्प्रे गनचं धुकं नेमकं तिथेच जातं. दम्याचा त्रास असेल तर स्प्रेच्या नादी लागू नका, रोलर बरा. काहींना बाटलीतल्या सुगंधाची नाहीतर इतर घटकांची ॲलर्जी येते. आणि हा टॅन म्हणजे सनस्क्रीन नव्हे. उलट लावल्यापासून पहिले चोवीस तास त्वचा उन्हाला जास्त नाजूक असते, तेव्हा या काळात ऊन टाळायचं.

जाता जाता, चौथा रस्ता सुचवणारेही भेटतील : मेलॅनोटनचं (कातडी काळी करणारं) इंजेक्शन किंवा 'टॅनिंगची गोळी'. इंजेक्शनं विनापरवाना विकली जातात, त्यांनी मळमळ होते, तीळ बदलतात आणि नवे येतात; ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकांनी त्याबद्दल इशारे दिले आहेत. गोळ्यांतल्या कॅन्थाझँथिन या रंगाचे खडे डोळ्याच्या पडद्यावर साचल्याच्या नोंदी आहेत. कुणी पोटॅशियम परमँगनेटनं अंग पुसायला सांगेल. त्यानं कातडी रंगते, जास्त झालं तर भाजतेही. तिन्हींना लांबूनच नमस्कार.

तीन आठवडे आधी

उन्हापासून अंग झाका. गाडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, सनस्क्रीन. घड्याळ काढून ठेवा. बनियानचे पट्टे पूर्ण जाणार नाहीत, पण फिके होतील तेवढं टॅनचं काम सोपं.

रोज अंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर लावा. भेगाळलेल्या टाचा, कोपर, गुडघे यांवर टॅन शाईसारखा साचतो.

आणि शर्ट काढून एकदा कुणाला तरी सगळी पाठ-मांड्या तपासायला सांगा. जिमच्या घामात गजकर्ण फार पसरतं. खवले आलेली ती गोल चकती टॅन खाऊन इतकी काळी होते की शेवटच्या रांगेतूनही दिसते. मेडिकलवाल्यानं दिलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलम चोळत बसू नका; त्यानं ते दबतं आणि पुन्हा उफाळतं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा. तीन आठवडे आधी सांगतोय ते यासाठीच, कारण ते आठ दिवसांत बरं होत नाही.

आठवडाभर आधी

बाटली आणा आणि कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा ठिपका लावून दोन दिवस बघा. खाज, पुरळ, लाली आली तर ती बाटली परत. ठीक वाटलं तर एका मांडीवर वीतभर पट्टी मारून रंग बघा. नारिंगी वाटला तर घाबरू नका, पुढच्या थरांनी तो खोल होतो. हिरवट-राखाडी वाटला तर बाटली जुनी असेल.

याच दिवसांत आयोजकांकडून नियमावली मिळवा. आंतरराष्ट्रीय संघटना आयएफबीबीच्या नियमांत हातानं पुसून निघणारा टॅन चालत नाही. चमकी, मोतिया किंवा सोनेरी झाक असलेलाही चालत नाही. तुमच्या शोला कुठले नियम लागू आहेत ते विचारून घ्या. ऐन वेळी पंचांनी टिश्यू पेपर फिरवून "पुसून ये" म्हटलं तर रडू येतं.

दोन-तीन दिवस आधी

केस काढा. पहिल्यांदा काढत असाल तर ट्रिमर, मग रेझर. वॅक्सिंग करणार असाल तर तीन दिवस आधी करा म्हणजे रोमछिद्रं शांत होतात, नाहीतर प्रत्येक छिद्रात काळा ठिपका बसतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर वॅक्सिंग अजिबात नाही. कातडी सोबत निघते.

त्यानंतर रोज घासणीनं अंग चोळून अंघोळ. टाचांना वजरी. आदल्या दिवशी हे सगळं शेवटचं करायचं, आणि त्या अंघोळीनंतर अंगाला काहीही लावायचं नाही. तेल नाही, मॉइश्चरायझर नाही, अत्तर नाही. डिओ तर मुळीच नाही. डिओच्या काखेत टॅनला हिरवी झाक आलेली मी दोनदा पाहिली आहे. घरी आजी असेल तर तिला आधी सांगून ठेवा, कारण "पोरगा किती सुकला" म्हणत ती तेलाची वाटी घेऊन येतेच.

आदली संध्याकाळ : लावताना

इथे घाई नको, दोन-तीन तास हाताशी ठेवा.

खोली अशी निवडा जिथे एसी किंवा नुसता पंखा आहे. कूलर बंद. हे नागपूरकराला सांगावंच लागतं. मार्चच्या शोला पोरं कूलरसमोर उभी राहून टॅन वाळवतात. कूलरची हवा ओली असते, टॅन चिकटच राहतो आणि तुषार उडाले तर पांढरे ठिपके पडतात. फरशीवर प्लास्टिक आणि जुनी वर्तमानपत्रं घाला, भिंतीला टेकू नका. खिडक्या उघड्या असू द्या.

मदतनीस हवाच, स्वतःची पाठ स्वतःला येत नाही. मुलींनी मैत्रीण किंवा बहीण आणावी. मदतनीसाच्या हातात ग्लोव्ह्ज, तुमच्या अंगावर जुनी गडद चड्डी. स्टेजची चड्डी उद्यासाठी.

तळहात, तळपाय, नखं, ओठ, भुवया यांवर व्हॅसलिन. कोपर, गुडघे, घोटे यांवर अगदी पुसट मॉइश्चरायझर, म्हणजे तिथे रंग जास्त धरणार नाही. स्प्रे असेल तर डोळे बंद, नाकावर मास्क, तोंड मिटलेलं. चेहऱ्यावर स्प्रे मारूच नका, स्पंजवर घेऊन लावा.

मी पायांपासून सुरू करतो आणि वर जातो, म्हणजे वरून ओघळ आला तर तो कोऱ्या कातडीवर पडत नाही. रोलर लांब आणि हलक्या हातानं, एकाच दिशेनं. स्प्रे गन वीतभर अंतरावरून, हात थांबवायचा नाही. थांबला तिथे थेंब साचतो. पाठ करताना लॅट स्प्रेड उघडून, म्हणजे पाठ पंखांसारखी पसरून, उभं राहायचं, काखेसाठी हात वर, कोपर किंचित वाकवलेलं, कुल्ल्यांखालच्या घडीसाठी पुढे झुकायचं. हाताचे पंजे, पावलं आणि बोटांच्या बेचक्या अगदी शेवटी, रोलरवर उरलेल्या रंगानं. नवे मदतनीस पंज्यांवर भरभरून लावतात आणि मग पोरगा ग्रीस लावून आलेल्या मेकॅनिकसारखा दिसतो. चेहरा आणि मान विसरू नका. काळं अंग आणि वर गोरं डोकं, हे दृश्य दर शोला एक तरी असतंच.

पहिला थर पूर्ण वाळला की दुसरा. किती थर, मध्ये किती वेळ आणि धुवायचं की नाही हे बाटलीवर लिहिलेलं पाळा, मित्राच्या बाटलीचं नाही. सावळ्या पोरांना बहुधा दोन थर पुरतात, उजळ असलेल्यांना तीन-चार लागतात. रात्रीच्या दिव्यात जरा जास्तच काळं वाटलं पाहिजे. स्टेजचे दिवे त्यातलं बरंच खातात.

ती रात्र

सैल, गडद, पूर्ण बाह्यांचे कपडे. जुनी चादर, उशीला जुना टॉवेल. हात मांड्यांना चिकटवून झोपू नका.

पाणी हा टॅनचा शत्रू. बाटलीतून प्यायचं तर स्ट्रॉनं. जेवताना चमचा घ्या, आणि नंतर फक्त बोटांची टोकं ओल्या फडक्यानं पुसा. संडास-लघवीची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. पायांवर उडालेला प्रत्येक थेंब सकाळी पांढरी रेघ होऊन दिसतो. पोरांनी कागदी ग्लास वापरावा. मुलींच्या टॅनच्या सामानात पुठ्ठ्याचं नरसाळं ठेवणाऱ्या एका कोचताईंना मी मनातून सलाम करतो.

सकाळी हॉलपर्यंत ऑटोनं जाणार असाल तर सीटवर घालायला चादर न्या. ऑटोवाल्या भाऊंची चूक काय?

बॅकस्टेज

तिथे गर्दी, उकाडा आणि आरसे कमी. घाम आला तर पुसू नका, कोरडा टिश्यू फक्त टेकवा. रेघ पडलीच तर स्पंजनं थोडा रंग टिपून कडा मिसळा. तेल किंवा ग्लेझ (अंगाला चमक देणारा लेप) स्टेजच्या अगदी आधी, तळहातावर नाण्याएवढं घेऊन अंगभर पुसट. जास्त तेल नियमातही बसत नाही आणि रंग त्यासोबत ओघळतो. पंप करताना, म्हणजे स्टेजआधी हलका व्यायाम करून स्नायू फुगवतानाही, अंगाला अंग घासू देऊ नका. हॉलच्या भिंती आणि पडद्यांना टेकू नका. डाग पडले की आयोजकांचं डिपॉझिट जातं आणि पुढच्या वर्षी तो हॉल मिळत नाही.

उतरवताना

शो रविवारी आणि मंगळवारी चुलतबहिणीची हळद, हा योग नागपुरात हमखास जुळतो. रात्री घरी गेल्यावर अंगभर तेल चोळा, अर्धा तास मुरू द्या. आता आजीला वाटी आणू द्या. मग कोमट पाण्यानं साबण आणि घासणी. एका अंघोळीत सगळं जात नाही. मान, काख आणि घोटे शेवटपर्यंत चिवट राहतात. लिंबू, ब्लीच, चेहऱ्याची फेअरनेस क्रीम यांतलं काही चोळू नका, कातडी आधीच थकलेली असते. आठवडाभर ठिपकेदार दिसाल. फोटोत मागे उभे राहा.

राहिली बाटली. डीएचए उष्णतेनं खराब होतं, आणि आमच्या एप्रिलात बंद खोलीतलं कपाटसुद्धा तापतं. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, वर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहून. आमच्या घरी मी लिहिलं नव्हतं. बाबांनी ती काढ्याची बाटली समजून झाकणभर ओतली होती, वासानं वाचले.